मंद, मोठा, गरम

आमच्या घरात मला तोफ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. पण माझ्या मावशीच्या बाबतीत जे झालं ते शांतपणे सांगू शकेल असा माणूस मला दाखवा, मी त्याचे केस जन्मभर फुकट कापीन. केस कापणं हाच माझा धंदा आहे. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि दाराशी एक बाक, एवढंच माझं दुकान.

माझ्या खुर्चीत नेहमी कोणी ना कोणी आपल्या म्हाताऱ्या आईला आणून बसवतं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतं. "हिचे बारीक करून टाका, विंचरायला सोपे पडतील." आई समोर आरशात दिसत असते, तिचे कान शाबूत असतात, पण तिला विचारतो कोण? मी मुद्दाम वाकून त्या आईलाच विचारते, "तुम्हाला कसे हवेत?" बऱ्याच जणी उत्तर द्यायच्या आधी लेकीच्या नाहीतर सुनेच्या तोंडाकडे बघतात. ते बघणं मला सहन होत नाही. आणि माझी मावशी तसं बघायला लागली, म्हणून हे सगळं सांगायला बसले आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. सगळी नोकरी तिने बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. नवरा ऐन तारुण्यात गेला, पदरात एक मुलगा, आणि कमरेला तिकिटांची पिशवी. "पुढे सरका, पुढे जागा आहे, मागे काय सोनं पुरलंय?" हे ती अशा आवाजात म्हणायची की बस चालू असताना रस्त्यावरची माणसंसुद्धा पुढे सरकत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्या अंगातली कंडक्टर काही उतरली नाही. जेवणं झाली की ती चमच्याने पातेल्यावर दोनदा वाजवते, टिंग टिंग. म्हणजे गाडी सुटली, उठा आता. एकदाच वाजवलं तर थांबा, अजून काहीतरी वाढायचं राहिलंय.

नोकरीत तिची एक खासियत होती. विनातिकीट माणूस सापडला तर बाकीचे कंडक्टर आरडाओरडा करायचे, मावशी नाही. ती त्याच्याशेजारी उभी राहून गोडीत विचारायची, "कुठे चढलात?" तो काहीतरी सांगायचा. "मग तिथे गर्दी होती का हो?" तो आणखी सांगायचा. असं करत करत त्याच्याच तोंडून तो अडकायचा, आणि सगळी बस हसायला लागली की मुकाट तिकीट काढायचा. "चोराला चोर म्हटलं की तो भांडतो," मावशी सांगायची. "त्याला बोलू द्यावं. माणूस बोलता बोलता आपणच खाली उतरतो."

ती राहते घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात, वर मावशी. जिना लाकडी, अरुंद, आणि दर रविवारी त्या जिन्यात तिच्या भाजीचा वास भरलेला असायचा.

ती पालेभाजी. मावशी तिला नुसतं पाला म्हणते; बाजारात तिला नाव आहे, पण मावशीच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही. मोठी, जाड, गडद हिरवी पानं, मधोमध दणकट शीर, आणि चुण्यांमध्ये लपलेली वाळू. पाला ती पाणी बदलत बदलत धुवायची, आणि शेवटच्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवून बघायची. एक कण लागला की पुन्हा पहिल्यापासून. मग देठ वेगळे, पानं वेगळी. कांदा चांगला लाल, त्यावर ठेचलेला लसूण, त्यावर देठ, आणि देठ वाकायला लागले की पानं. पानांचा हा एवढा ढीग, की झाकण बसायचंच नाही. ते ती दाबून बसवायची, वर पाण्याने भरलेलं जड भांडं ठेवायची आणि गॅस अगदी बारीक करायची. वरून पाण्याचा थेंब नाही. पाला आपल्या अंगच्या पाण्यातच शिजला पाहिजे.

"आता कोणी हात लावायचा नाही," ती म्हणायची. "घाई केली की पाला रुसतो."

सकाळभर ते तसंच चालायचं. दुपारी झाकण काढलं की त्या ढिगाचं उरायचं इतकंसं, काळपट हिरवं, तेल सुटलेलं. चमचा टेकवला की देठसुद्धा तुटायचा. वरून लिंबू पिळायचं. ही रीत माझ्या आजीची, आणि आजीकडून ती एकट्या मावशीनेच उचलली. माझ्या आईला कधी धीर निघाला नाही आणि माझ्याबद्दल तर बोलायलाच नको. दर रविवारी मावशीचा मुलगा, त्याची बायको आणि मी, एवढे तिच्याकडे जेवायला. भात, पाला आणि भांडणं. भांडणं मी आणायचे.

मग एका सकाळी भाजी करपली. मावशीचा खुर्चीत डोळा लागला होता. घड्याळजींना खाली वास आला, ते धावत वर आले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. पातेलं काळं पडलं, बाकी कोणाला काही झालं नाही. मी विचारते, कोणाच्या घरी भाजी करपत नाही? माझी करपते. वहिनीची, म्हणजे मावशीच्या सुनेची, तर दूध उतू घालवण्यात ख्याती आहे. पण आमचं करपलं की "अगं बाई, करपलं," आणि म्हाताऱ्या माणसाचं करपलं की "आता हिचं काय करायचं?"

दादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, तसंच विचारलं. तेही तिच्यासमोर. मावशी पलंगावर बसलेली, आणि हा उभा राहून माझ्याशी आणि वहिनीशी बोलतोय. "आज घड्याळजी होते म्हणून. उद्या ते नसले तर? तिला एकटीला ठेवणं बरोबर आहे का?"

"दादा, ती इथेच बसली आहे," मी म्हटलं.

"तू जरा गप्प बस. मी काळजीपोटी बोलतोय."

काळजीपोटी! या शब्दाने मला तळपायापासून आग लागते. काळजीपोटी म्हटलं की माणसाला काहीही करायला मोकळीक. दोन दिवस जात नाहीत तोच मावशीचा गॅस गेला. शेगडी माळ्यावर, नळी कचऱ्यात. आणि ओट्यावर आलं एक विजेचं भांडं, स्लो कुकर. आत जाड मातीचं मडकं, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण. गॅस नाही, ज्वाळा नाही, करपायची भीती नाही. सकाळी भरून ठेवा, दुपारी खा. भांडं वाईट नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळा राग त्याच्यावर काढाल.

आता दादाची एक हौस सांगते. तो एका मोठ्या ऑफिसात आहे आणि त्याला सूचना लिहायला फार आवडतं. पाण्याच्या यंत्रावर सूचना, लिफ्टमध्ये सूचना, त्याच्या घरच्या फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर सूचना. अक्षर मात्र मोत्यासारखं. त्या भांड्याच्या बटणाभोवती तीन जागी इंग्रजी शब्द छापलेले होते. आईचा गोंधळ नको म्हणून त्याने त्या तिन्ही शब्दांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर मराठीत लिहिलं: मंद, मोठा, गरम.

"बघ आई, किती सोपं," तो म्हणाला. "कळलं ना?" हे 'कळलं ना' त्याने इतकं हळू आणि इतकं मोठ्याने म्हटलं की मला त्याचे केस उलटे कापावेसे वाटले.

मावशीने भांड्याभोवती एक चक्कर मारली. "कुकर म्हणता, मग शिट्टी कुठाय?"

"याला शिट्टी नसते आई," वहिनी म्हणाली.

"आवाज?"

"आवाजही नाही."

"म्हणजे गाडी चालू आहे की डेपोत उभी आहे हे कळायचं कसं?" मावशी म्हणाली आणि तिने त्या भांड्याचं नाव ठेवलं मंदा. मला वाटलं, चला, हिची थट्टा शाबूत आहे, म्हणजे सगळं ठीक होईल.

ठीक कुठलं व्हायला. पहिल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा जिन्यात वासच नव्हता. मावशी सकाळी उजाडल्यापासून मंदासमोर बसून होती. झाकण काढलं तर आतला पाला तसाच ताठ, जरासा कोमेजलेला, रंग उतरलेला, आणि देठ कचकच वाजणारे. तळाशी थोडं पाणी आणि त्याला आंबूस वास. मावशीने एक देठ तोंडात घातला आणि तो चावत ती नुसती उभी राहिली.

"असू दे आई," दादा म्हणाला. "आपण बाहेरून मागवू."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, फक्त मावशीने पाला अगदी बारीक चिरला होता. वहिनीने विचारलं, "आई, बटण कशावर ठेवलं होतं?"

"सगळ्यात गरमवर," मावशी म्हणाली.

वहिनीने दादाकडे बघितलं, दादाने वहिनीकडे. ते बघणं मावशीलाही दिसलं. मग दोघं आतल्या खोलीत गेले. भिंत पातळ, आणि दादाचा हळू आवाज म्हणजे इतरांचा साधा आवाज. "सगळ्यात जास्तवर ठेवलं असतं तर शिजलं नसतं का? तिला आठवतच नाहीये काय केलं ते. आणि वर खोटं सांगतेय. हे असंच सुरू होतं, मी वाचलंय." मग त्याने त्या जागेबद्दल सांगितलं. ज्येष्ठांसाठी एक निवास आहे, शहराबाहेर, हवा चांगली, बाग आहे, जेवण आयतं. तो जाऊन बघून आला होता, एक खोली रिकामी होत होती. पुढच्या रविवारी जेवण झालं की आईला 'नुसतं दाखवायला' न्यायचं. नुसतं दाखवायला म्हणून नेलेली माणसं कुठे राहिली ते मला माझ्या गिऱ्हाइकांकडून चांगलं माहीत आहे.

मी आत घुसले आणि उडाले. दादाला म्हटलं, एका भाजीवरून तू आईला घराबाहेर काढतोस? तो म्हणाला, भाजीचा प्रश्न नाही. मी म्हटलं, मग कशाचा आहे ते सांग. तो म्हणाला, तुला भावना आवरत नाहीत, तुझ्याशी बोलून उपयोग नाही. आणि खरंच सांगते, मला त्याचा राग आला त्याहून जास्त मावशीचा आला. कारण ती बाहेर ओट्याशी मुकाट भांडं घासत होती. जी बाई भरल्या बसमध्ये धडधाकट पुरुषांना खाली उतरवायची, ती स्वतःच्या घरातून स्वतःला उतरवत होती आणि तोंडातून अक्षर काढत नव्हती.

ते गेल्यावर मी विचारलं, "तू काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "मी नक्की गरमवरच ठेवते गं. निदान मला तसं वाटतं. पण मग शिजत का नाही? माझंच काहीतरी चुकत असणार." आणि तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या खुर्चीतल्या त्या सगळ्या आया बघतात ना, तसं. मला रडू यायला लागलं, आणि मला रडायचा राग येतो म्हणून मी आणखीच चिडले.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. मी पाला घेऊन सकाळीच तिच्याकडे गेले. म्हटलं, तू कर, मी नुसती बघते, मध्ये बोलणार नाही. न बोलणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. तिने पाला धुतला. तळाशी बोट फिरवलं, पुन्हा धुतला. देठ वेगळे, पानं वेगळी. कांदा-लसूण परतायला गॅस नव्हता, म्हणून तिने ते तेल लावून मडक्याच्या तळाशीच पसरले, वर देठ, वर पानं. एक पायरी चुकली नाही. झाकण ठेवलं, प्लग लावला आणि बटण फिरवलं. मंदवरून पुढे, मोठावरून पुढे, आणि ठामपणे थेट गरमवर.

"झालं," ती म्हणाली. "आता बघ तूच."

आम्ही चहा प्यायलो. गॅस गेल्यापासून चहा विजेच्या किटलीत होतो. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. बऱ्याच वेळाने मी उठले आणि मडक्याला बाहेरून हात लावला. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष. विशेष हेच, की इतक्या रविवारांत त्या भांड्याला हात कोणी लावला नव्हता. सगळे मावशीच्या डोक्याचं निदान करण्यात गुंतले होते. भांडं कोमट होतं. तापाच्या माणसाचं कपाळ असतं तेवढंच.

"मावशी, हे तर कोमट आहे."

"तेच तर म्हणते मी!"

मी बटण नीट बघितलं. काटा बरोबर 'गरम'वर. तशीच नखाने ती पांढरी पट्टी एका कोपऱ्यातून सोलली. खाली छापलेलं होतं: वॉर्म.

मग डोक्यात उजेड पडला आणि त्यामागोमाग आग. वॉर्म म्हणजे शिजवायचं नाही. शिजलेलं अन्न जेवायच्या वेळेपर्यंत गार होऊ द्यायचं नाही, तेवढ्यासाठीच ती बटणाची तिसरी जागा. आणि आमच्या मोत्यासारख्या अक्षराच्या शहाण्याने त्याचं लिहिलं गरम! आता मला सांगा, मराठीत कोणी 'गरम' कशाला म्हणतं? चहा गरम पाहिजे म्हटलं की कसा लागतो? मंद, त्याहून मोठा, आणि त्याहून पुढे गरम. ज्याची मायबोली मराठी आहे तो माणूस यातली सगळ्यात तापणारी जागा कोणती समजेल? मावशीने पाटी वाचली आणि पाटीप्रमाणे वागली. नोकरीभर तिने तेच केलं. बरं, इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत असंही नाही. बसच्या दोन्ही भाषांतल्या पाट्या वाचण्यात तिचा जन्म गेला. तो शब्द उघडा असता तर तिने कोणाला तरी विचारलं असतं. पण लेकाने त्यावर चिकटपट्टी मारून ठेवली, आईचा गोंधळ नको म्हणून.

मी हे सगळं तिला सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडलेच, घड्याळजी जिन्यात येऊन "सगळं ठीक आहे ना?" विचारून गेले.

मला वाटलं मावशी हसेल. ती हसली नाही. ती खुर्चीत बसली, पट्टी बोटावर घेऊन वाचली, पुन्हा वाचली. "म्हणजे मी बरोबर सांगत होते," ती म्हणाली.

"अगदी बरोबर सांगत होतीस!"

"मला आठवत होतं ते खरंच होतं."

"होय गं मावशी."

"मी दर वेळी बटणापाशी उभी राहून स्वतःलाच मोठ्याने सांगायचे, बघ, गरमवर ठेवलंय, विसरू नकोस. आणि दुपारी वाटायचं, आपण तेही स्वप्नातच केलं की काय." मग तिचा चेहरा बदलला. नाकपुड्या फुगल्या. असा चेहरा मी लहानपणी बसमध्ये पाहिला होता. "माझ्या पोटचा मुलगा मला खोटी म्हणाला. भिंतीपलीकडून."

मी फोन काढला. दादाला आत्ताच्या आत्ता सुनावते म्हटलं.

"ठेव तो फोन," मावशी म्हणाली. "आणि ही पट्टी होती तिथे परत चिकटव."

"का?"

"चिकटव म्हणते ना."

मी चिकटवली. मग तिने बटण मागे फिरवून 'मोठा'वर आणलं, आणि दुपार कलायच्या सुमारास त्या खोलीत तो वास पहिल्यांदा आला. आम्ही दोघींनी उभ्यानेच मडक्यातून खाल्लं. मावशीने देठ चमच्याने दाबला, तो तुटला. "मंदा चांगली आहे गं," ती म्हणाली. "बिचारीच्या तोंडाला पट्टी लावली होती, ती तरी काय करणार."

रविवारी आम्ही सगळे जमलो. दादा निवासाच्या भेटीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मावशीने मडकं आधीच रिकामं करून भाजी दुसऱ्या पातेल्यात काढली होती आणि पातेलं जाड कापडात गुंडाळून ठेवलं होतं. तिने वाढलं. पाला असा झाला होता की जिभेवर ठेवला आणि गेला. दादाने दोनदा मागून घेतला. आणि मग तो काय म्हणाला असेल? वहिनीकडे वळून, समाधानाने, "आज आईचा दिवस चांगला दिसतोय."

दिवस चांगला! कच्ची राहिली तर डोकं गेलं, शिजली तर दिवस चांगला. बाईने काय केलं तर हे तिला शहाणी म्हणतील? मी ताट सरकवून उठणारच होते, पण मावशीने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात दाबला. मग तिने चमच्याने पातेल्यावर वाजवलं. एकदाच. थांबा, अजून काहीतरी वाढायचं राहिलंय.

तिने चहा आणला. किटलीतला नव्हे. आम्ही जेवायला बसायच्या आधीच तिने धुतलेल्या मंदात गार पाणी, दूध, साखर आणि चहाची पूड घालून ती ओट्यावर लावून ठेवली होती. कपात जे आलं ते पांढुरकं होतं आणि वर पूड तरंगत होती. दादाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" मावशीने गोडीत विचारलं.

"काही नाही. जरा... थंड आहे."

"थंड? मग तुला कसा लागतो?"

"असू दे आई."

"नाही, सांग ना. चहा कसा लागतो तुला?"

"गरम लागतो, आणखी कसा!"

"हो का? मग गरमवरच केलाय. तुम्ही जेवत होतात तेवढा सगळा वेळ. ये, बघ." आणि तिने त्याला हाताला धरून ओट्याशी नेलं. काटा 'गरम'वर होता. "हे काय लिहिलंय?"

"गरम."

"कोणी लिहिलंय?"

"मी."

"खाली काय आहे?"

वहिनी उठून आली, तिने पट्टी सोलली, वाचली, आणि तिचा हात तोंडावर गेला. "अहो," ती म्हणाली, "हे तर नुसतं ऊब धरायला असतं. आईंनी मला सांगितलं होतं, सगळ्यात गरमवर ठेवलंय म्हणून. त्या खरंच सांगत होत्या."

"लिहिताना लक्षात नाही आलं," दादा म्हणाला. "एवढ्याशा शब्दाने..."

"एवढ्याशा शब्दाने मी वेडी ठरले," मावशी म्हणाली. आता आवाजात गोडी राहिली नव्हती. मागच्या दारापर्यंत पोचणारा तो जुना आवाज होता. "तू वाचलंस की असंच सुरू होतं. तू जाऊन खोली बघून आलास. बाग बघून आलास. इतकं सगळं केलंस, आणि एकदा या भांड्याला हात लावून बघायला तुला झालं नाही? तुझ्या कपाळाला मी कितीदा हात लावलाय रे लहानपणी, ताप आहे का म्हणून. तेव्हा मी तुला खोटा म्हटलं का?"

दादा ओट्याशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात तो गार चहाचा कप. मला त्याची दया यायला हवी होती, असं माझी आई नंतर म्हणाली. मला नाही आली.

"ती निवासाची फेरी रद्द," मावशी म्हणाली. "आणि माझी शेगडी माळ्यावरून खाली काढ. नवी नळी आण. मंदाही राहील आणि शेगडीही राहील. कोणाला कधी हात लावायचा ते मी ठरवीन." मग तिने पातेल्यावर दोनदा वाजवलं, टिंग टिंग, आणि दादा स्टूल घ्यायला गेला.

इथे गोष्ट संपली असं दादाला वाटतं. तो आता हे चारचौघांत विनोद म्हणून सांगतो, स्वतःवरच हसतो, आणि लोक म्हणतात किती मोकळ्या मनाचा माणूस. मंदाच्या पट्ट्या त्याने स्वतः काढून टाकल्या. निवासातली खोली दुसऱ्या कोणाच्या तरी आईला गेली. रविवारी पुन्हा जिन्यात वास असतो आणि घड्याळजींना वाटी खाली जाते.

पण मला जे माहीत आहे ते त्याला माहीत नाही. रविवारी सकाळी मी दुकान उघडत असते तेव्हा मावशीचा फोन येतो. जी बाई सगळ्या बसचा हिशेब बोटांवर ठेवायची, ती मला बारीक आवाजात विचारते, "मी मोठ्यावर ठेवलंय. काटा मोठ्यावरच आहे. बरोबर आहे ना गं?"

ती चुकलेली नसते. एकदाही नाही. मी "बरोबर आहे" म्हणते, आणि तरी ती विचारते, "नक्की?"

"नक्की," मी म्हणते. मग फोन ठेवते आणि दादाला लावते, आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत त्याच्याशी भांडते.